रिकाम्या खाटेचं भाडं

बँकेच्या जमाखर्चात 'सस्पेन्स' नावाचं एक खातं असतं. रहस्यकथांशी त्याचा काही संबंध नाही. रक्कम आली आहे खरी, पण ती कुणाची आणि कुठे जमा करायची याचा उलगडा होत नाही, अशी रक्कम तात्पुरती त्या खात्यात टाकायची रीत आहे. थोडक्यात, ती बेवारशी पैशांची धर्मशाळा. उलगडा झाला की रक्कम आपल्या घरी जाते. तोवर हिशेबतपासनीस येतो आणि चष्म्यावरून बघत विचारतो, "ही एंट्री अजून इथेच का?"

घर एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी असलेला माणूस ही अशीच एक एंट्री. सोमवारी पहाटे बॅग उचलायची आणि शुक्रवारी रात्री तीच बॅग आणून दाराशी ठेवायची. पुण्यातले शेजारी म्हणतात, "ते काय, मुंबईला असतात." मुंबईतले म्हणतात, "ते काय, पुण्याचे आहेत." रेशनकार्ड त्याला एका गावात ओळखतं आणि डास दुसऱ्या गावात.

आता पुण्या-मुंबईच्या दरम्यान रोज जाऊन येऊन नोकरी करणारे शूर लोक आहेत. त्यांना मी लांबूनच नमस्कार करतो, कारण जवळ जावं तर ते झोपलेले असतात. लोकांना वाटतं, दख्खनची राणी ही गाडी अशा नोकरदारांसाठीच काढली असावी. तसं मुळीच नाही. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा ती शनिवार-रविवारची गाडी होती. मुंबईच्या शौकिनांनी सुटीला पुण्यात यावं, घोड्यांच्या शर्यती बघाव्यात आणि हवा खाऊन परत जावं, यासाठी. तिला थर्ड क्लासचा डबा लागला तो १९५५ मध्ये. म्हणजे रेल्वेच्या लेखी सुटीला पुण्याला जाणारा माणूस हा साहेब होता. पोटासाठी मुंबईला जाऊन सुटीला पुण्याला घरी परतणारा माणूस नंतर, मागच्या डब्यातून आला.

या माणसाचा खरा प्रश्न गाडीचा नाही, खाटेचा आहे. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे हा प्रश्न कागदावर मांडून बघितला. सोमवार ते शुक्रवार म्हणजे रात्री चार. काही शनिवारी बँक चालू असते (दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा झाला तो १ सप्टेंबर २०१५ पासून), त्या आठवड्याला पाच. सगळं धरून महिन्याला सतरा-अठरा रात्री खाटेवर पाठ टेकते. भाडं मात्र तीस रात्रींचं. उरलेल्या बारा रात्री मी पुण्यात घरच्या गादीवर झोपतो आणि मुंबईत एका रिकाम्या खाटेचं भाडं भरतो. व्यापारी भाषेत याला निष्क्रिय मालमत्ता म्हणतात. आमची ही याला दुसरा शब्द वापरते.

परवडणारी जागा म्हणजे स्वस्त जागा, असा आपला समज असतो. मुंबईचा इतिहास जरा चाळून बघितला तर वेगळंच दिसतं. या शहरात खाट स्वस्त कधीच नव्हती. ज्याला ती स्वस्त पडली, त्याला ती तो नसताना दुसरं कुणीतरी तिच्यावर झोपत होतं म्हणूनच पडली.

ही युक्ती गिरण्यांनी शिकवली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची चाकं फिरू लागली. पुढच्या पन्नास वर्षांत लालबाग, परळ, भायखळा, वरळी या भागात धुराडी उभी राहिली आणि रत्नागिरी-साताऱ्याकडचा गडी बोटीने नाही तर घाटाने मुंबईला लागला. गिरणीमालकांनी यंत्रं मँचेस्टरहून मागवली, कापूस वऱ्हाडातून मागवला, माणसं कोकणातून आपोआप आली. ती रात्री कुठे झोपतील, हा रकाना त्यांच्या हिशेबाच्या वहीत बहुधा नव्हताच. १९०१ च्या जनगणनेत असं आढळलं की मुंबईतली शेकडा ८० माणसं एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहतात आणि दर बिऱ्हाडात सरासरी चार ते पाच जण आहेत. सरासरी हा शब्द मोठा सोज्वळ आहे. शिरगणती करणारा दारात आला तेव्हा खोलीत किती होते, एवढंच त्याने लिहिलं. त्याच खोलीतले बाकीचे तेव्हा पाळीवर होते.

कारण गिरणीत पाळ्या होत्या, म्हणून खोलीतही पाळ्या होत्या. दिवसपाळीचा गडी भोंग्याबरोबर उठून गेला की रातपाळीचा येऊन त्याच जागेवर आडवा होई. वळकटी आपापली, जमीन एकच. ट्रंका भिंतीशी एकावर एक, कपडे दोरीवर, आणि उकाड्याच्या दिवसांत गॅलरीपासून फुटपाथपर्यंत अंथरुणं. एका जागेला दोन भाडेकरू, आणि दोघांची समोरासमोर गाठ पडायची ती फक्त सुटीच्या दिवशी! त्या दिवशी मात्र पंचाईत, कारण जमीन तेवढीच आणि पाठी दुप्पट. माझ्या सतरा-अठरा रात्रींच्या गणिताचं उत्तर त्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं. त्यांच्याकडे रिकामी खाट नव्हती, कारण रिकामी राहील इतकी ऐपत त्या खाटेची नव्हती.

ही सगळी विद्वत्ता मी आमच्या मावशींना ऐकवली. मावशी म्हणजे ज्यांच्या घरी मी महिन्याच्या भाड्याने खाट घेऊन आहे, त्या. मी म्हटलं, "मावशी, शनिवार-रविवार ही खाट रिकामी असते. एखादा सुटीपुरता माणूस बघून भाड्यात काही कमी-जास्त करता आलं तर?"

मावशी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाशिकचा एक पोरगा येतो की शनिवार-रविवारी. क्लासला. सहा महिने झाले."

"माझ्या खाटेवर?"

"मग सोमवारी चादर धुतलेली असते, ती काय तुमच्यासाठी?"

तेव्हा मला कळलं की इतिहास वाचणारा आणि इतिहास जाणणारा यांत फरक असतो. भाडं अर्थातच कमी झालं नाही.

परंतु पाळीची खाट मिळण्यासाठीसुद्धा आधी खोलीत शिरावं लागतं आणि खोलीचं दार कुणालाही उघडत नसे. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक गावांची मुंबईत स्वतःची खोली असे. गावकऱ्यांनी वर्गणी काढून भाड्याने घेतलेली. गावाहून नवा पोऱ्या आला की आधी तिथे ट्रंक टाकायची, मग गावातला कुणी जॉबरच्या हातापाया पडून त्याला गिरणीत चिकटवणार. सामानाची किल्ली, वर्गणीची वही, भांडणांचा निवाडा सगळं गावकीकडे. गणपतीला आणि शिमग्याला निम्मी खोली रिकामी होई. आमचा आठवडा सोमवार ते शुक्रवार असतो; त्यांचा आठवडा शिमगा ते गणपती आणि गणपती ते शिमगा असा होता. मधले दिवस बायकामुलं गावी आणि हे इथे. दुवा एकच, मनीऑर्डर.

गोव्याच्या मंडळींनी हीच गोष्ट जरा शिस्तीत केली. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या बाजूला त्यांचे 'कूड' होते. कूड म्हणजे कोंकणीत खोली. एकेका गावाचा एकेक कूड, गावाच्या नावाचा आणि गावच्या संताच्या आश्रयाखालचा. बोटीवर काम करणारे तारवटी दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे उतरत. आचारी, वाजंत्री, शिंपी आणि नोकरी शोधणारे तरुण कायमचे तात्पुरते राहत. प्रत्येकाची एक पेटी आणि ती ठेवायची जागा, हीच त्याची मालमत्ता. भिंतीशी वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोजारची प्रार्थना. प्रार्थना चुकवायची नाही. माणूस सहा महिने समुद्रावर असला तरी पेटी मुंबईत त्याची वाट बघत असे, आणि त्याच्या जागेवर तोवर दुसरा कुणी झोपत असे. काही कूड आजही आहेत. आमच्या सहकारी सोसायटीच्या सभा बघितल्यावर मला वाटतं, त्यांतही वेदी आणि सक्तीची प्रार्थना ठेवून बघायला हरकत नाही.

गावकीची खोली काय, कूड काय, आत जाताना उंबऱ्यावर तीनच प्रश्न असत. गाव कुठलं? आडनाव काय? कुणाकडचे? आमची बँक आता खातं उघडताना हेच सगळं फॉर्मवर भरून घेते, पुराव्याच्या झेरॉक्सवर सह्या घेते आणि त्याला इंग्रजी आद्याक्षरांचं नाव देते. तीन उत्तरं जुळली की चटई मिळे. रात्री-बेरात्री शहरात उतरलेल्या, खिशात चार आणे असलेल्या पोराला ही केवढी मोठी सोय होती, हे ज्याने कधी अनोळखी गावात संध्याकाळी सात वाजता जागा शोधली आहे, त्यालाच कळेल.

पण ज्या प्रश्नांनी दार उघडतं, त्याच प्रश्नांनी ते बंदही होतं. १९१७ मध्ये एक पंचविशी ओलांडलेला तरुण नोकरीसाठी बडोद्याला उतरला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला. महाराजांच्या शिष्यवृत्तीचा करार होता, म्हणून संस्थानची नोकरी करायची होती. हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो पारशी लोकांच्या एका धर्मशाळेत गेला. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, ही जागा फक्त पारशांसाठी. शेवटी तडजोड झाली: वहीत पारशी नाव लिहायचं आणि खोली-जेवणाचा रोजचा दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर एकटाच तो. शेजारच्या मोठ्या दालनात अडगळ, आणि रात्री एक मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी सकाळी तो कचेरीला निघत होता, तेवढ्यात डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत चालतं हो, म्हणाले. त्याने एका हिंदू मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, तू माझ्याकडे आलास तर माझे नोकर जातील. एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. तो म्हणाला, बायको उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. मग तो तरुण कामाठीबागेत जाऊन बसला आणि रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतला.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हे सगळं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवलं आहे. शिक्षण होतं, नेमणूक होती, दीड रुपया रोज द्यायची तयारी होती. मुंबईत ते आणि त्यांचं कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत अनेक वर्षं राहिलं, त्याच एका खोलीच्या मुंबईत. आजही 'फक्त अमुक लोकांसाठी', 'फक्त शाकाहारी' अशी पाटी वाचली की मला कामाठीबागेतला तो बाक आठवतो. पाटी लिहिणाऱ्याला आठवत नाही, एवढंच.

सरकारला या सगळ्याची काळजी नव्हती असं नाही. सरकारला काळजी वाटली की ते कायदा करतं, आणि कायदा झाला की आपण काळजी करायची. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडीच्या चाळी उठल्या. २०७ इमारती, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फूट. पुढे १९४७ मध्ये भाड्याचा कायदा आला. त्याच्या पूर्ण नावात 'हॉटेल आणि लॉजिंग हाउस यांचे दर' हे शब्दही होते, म्हणजे आमच्यासारख्यांचाही त्यात विचार होता. भाडी १९४० च्या आसपास गोठवली. भाडं गोठलं आणि भाड्याने जागा देणंही गोठलं! मालक भाड्याऐवजी पागडी मागू लागले. भाडेकरू पोटभाडेकरू ठेवू लागले. लोक करार करून 'परवानगीने' राहू लागले. मग १९७३ मध्ये दुरुस्ती आली: त्या वर्षी १ फेब्रुवारीला जो असा परवानगीने राहत होता, तो भाडेकरू समजला जाईल. या एका तारखेने किती जणांना घर मिळालं आणि पुढे किती जणांना दार बंद झालं, याचा ताळेबंद कुणी मांडलेला नाही.

या कायद्यातून एक प्राणी मात्र अलगद निसटला. त्याचं नाव पेइंग गेस्ट. कायद्याने त्याची व्याख्याच केली: कुटुंबातला नसलेला, आणि मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग परवानगीने वापरणारा. असा माणूस कधी भाडेकरू होत नाही. म्हणजे आमच्या मावशी दिवाणखान्यात बसून माझ्या येण्याजाण्यावर लक्ष ठेवतात, हा त्यांचा स्वभाव नसून कायदेशीर अट आहे! त्या त्याच घरात राहतात म्हणूनच मी तिथे राहू शकतो. 'पैसे देणारा पाहुणा' हा शब्दप्रयोग आपल्याला इंग्रजांकडून घ्यावा लागला, कारण आपल्याकडे पाहुण्याने पैसे देणं आणि पैसे देणाऱ्याने पाहुणा असणं, दोन्ही कल्पना बसत नव्हत्या.

खाटेचं एवढं पुराण झालं, पण माणूस नुसता झोपून जगत नाही. गिरणगावातल्या त्या एकट्या गड्यांना दोन वेळा भाकरी कोण घालत होतं? ज्यांच्यामुळे हे सगळं स्वस्त पडलं, त्या बायका इतिहासाच्या पुस्तकात मागच्या दाराने येतात. खानावळवाल्या. दहा बाय दहाची खोली, नवऱ्याची नोकरी गेलेली किंवा नवराच गेलेला, पोरं लहान. पहाटे चारला चूल पेटवायची, पाळीप्रमाणे डबे भरायचे, पंगती उठवायच्या. जेवणारे महिनाभर जेवणार आणि पगार झाला की पैसे देणार. वाणी मात्र महिनाभर थांबत नसे. मग सावकाराकडून भारी व्याजाने पैसे काढायचे, मंगळसूत्र गहाण टाकायचं. म्हणजे बघा, गिरणी मजुराला महिन्याच्या शेवटी पगार देई आणि तोवर त्याला पोसण्यासाठी लागणारं खेळतं भांडवल ही बाई उभं करी. बँकेच्या भाषेत गिरणीची ही बिनव्याजी पतपेढी होती. व्याज तेवढं बाईच्या खात्यावर.

१९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि गरिबाला कर्ज मिळणार असं वर्तमानपत्रात आलं. वर्तमानपत्र आणि बँकेचं काउंटर यांच्यामध्ये साधारण सहा वर्षांचं अंतर असतं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि पहिल्या चौदा जणींना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चौदा बँका, चौदा बायका. हा निव्वळ योगायोग, पण कारकुनाच्या डोळ्याला असे आकडे लगेच दिसतात. प्रेमाताई गोवा मुक्तिसंग्रामात पायावर गोळी झेललेल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. म्हणजे आमच्या पगाराचं भांडण आणि या बायकांच्या कर्जाचं भांडण एकाच घरात शिजत होतं. तारण काय, तर काही नाही. बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची. कर्जाच्या अर्जात 'व्यवसायाचा पत्ता' आणि 'राहण्याचा पत्ता' असे दोन रकाने असतात. या बायांनी दोन्हीकडे एकच लिहिला असणार, आणि काउंटरवरच्या कुणीतरी विचारलं असणार, "हे दोनदा का लिहिलंय?" मी आहे म्हणून सांगतो, आम्ही विचारतोच.

१८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच एकेक करून संपल्या. गडी गावी गेले. गावकीच्या खोल्यांतल्या ट्रंका कमी झाल्या. खानावळवाल्यांच्या वहीत मात्र नावं राहिली आणि नावांपुढे महिन्यांची बाकी राहिली. संपकरी मजुराला उपाशी ठेवायचं नाही म्हणून त्यांनी उधारीवर वाढलं, आणि ती बाकी वसूल करायला मागे लागावं असा माणूसच शहरात उरला नाही. बँकेने असं कर्ज बुडीत खाती टाकलं की त्यावर एक फॉर्म भरतात, साहेबाची सही घेतात आणि विषय मिटतो. त्यांच्याकडे फॉर्म नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला चूल होती.

अन्नपूर्णेच्या बाया नंतर कचेऱ्यांना डबे देऊ लागल्या, पोळ्या, पुरणपोळ्या करू लागल्या. पुढे त्यांच्या मंडळाने वाशीला एक वसतिगृह बांधलं, घरापासून लांब नोकरी करणाऱ्या बायकांसाठी. खाट, कपाट, आणि वेळेवर जेवण.

मी हेही मावशींना सांगितलं. त्यांनी दोन पोळ्या माझ्या ताटात टाकल्या आणि विचारलं, "तिथलं भाडं किती?"

मी म्हटलं, ते पुरुषांना घेत नाहीत.

"मग बरं," असं म्हणून त्या आत गेल्या.